दुपारबाई

ड्रॉवरमध्ये मोबाईल घुरघुरला की दुकानाचे मालक मान वर न करताच म्हणायचे, "घ्या ताई, दादांची वेळ झाली." आणि असायचाही दादाच. सकाळी दहाला विचारायचा, मिठाचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला, दोन्ही पांढरंच दिसतंय. साडेअकराला, पांढऱ्या कपड्यांत निळा रुमाल धुतला तर चालतो का. एकला, जेवलीस का. तीनला पुन्हा. काही नाही गं, सहज.

बहिणीच्या एका हातात कुणाच्या तरी चष्म्याची काच, दुसऱ्या हातात फोन, आणि पुढ्यात काच घासायचं यंत्र सुरू. "हो दादा. हं दादा. नंतर करते दादा." हे 'नंतर' कधी उजाडायचं नाही, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

दादा तिला 'धाकटे' म्हणायचा. बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, मुलगी शिकायला परगावी गेली, तरी ती त्याची धाकटीच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती एकोणीस वर्षं काचा बसवत होती. पुढे गिऱ्हाईक आरशात तोंड वेडंवाकडं करून फ्रेम निवडायचं. मागे धाकटी काचेवर डोळ्याच्या बाहुलीच्या जागी शाईचा ठिपका द्यायची, काच फ्रेमच्या मापाची घासायची आणि बसवायची. ठिपका केसभर सरकला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखणार. म्हणून फोनवर बोलत काम करणं तिला जमायचं नाही, आणि दादाला ते कसं सांगावं, तेही जमायचं नाही.

दादाने चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात त्याचा हातखंडा होता. बाकीचे मेकॅनिक आले की आधी गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीकडे धावायचे. दादा जोडीदाराला वर पाठवायचा आणि स्वतः मधल्या मजल्यावर दाराशी जाऊन तीनदा टकटक करायचा. "मी आलोय. आत किती जण आहात? बरं, कुणाला कुठे पोचायची घाई होती?" मग तो बोलत राहायचा. आतला माणूस घाबरून रडत असो की शिव्या देत असो, दहा मिनिटांत त्याचा आवाज खाली यायचा. कंपनीत म्हणायचे, याला पाना-पक्कड देऊ नका, नुसतं दाराशी उभं करा.

नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असताना वहिनी गेली. आठ महिन्यांनी दादा निवृत्त झाला आणि घरी आला. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक लांबडी गॅलरी आणि तो. चौतीस वर्षं ज्याने बोलण्यावर माणसं तारली, त्याला आता बोलायला कुणी नव्हतं. होती ती एक धाकटी, आणि तिच्या हातात काच असायची.

एका रविवारी धाकटी त्याच्याकडे गेली आणि त्याच्या मोबाईलवर तिने ते ॲप घालून दिलं. फोटो टाकायचे, चार ओळी लिहायच्या, लोक वाचतात, खाली उत्तरं देतात. "तुला इतके किस्से माहीत आहेत दादा. लिही की! वेळही जाईल."

दादाने तिच्याकडे असं कौतुकाने बघितलं की तिला नजर चुकवावी लागली. वेळ जाईल हे खरं होतं. पण कुणाचा वेळ वाचेल, हा हिशेब मनात ठेवूनच ती आली होती.

दादाने पहिला फोटो टाकला तो लिफ्टची दारं बाहेरून उघडायच्या जुन्या चावीचा. खाली लिहिलं, "ही चावी माझ्या खिशात चौतीस वर्षं होती." आणि वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी दहाला ड्रॉवर घुरघुरला. "धाकटे, एक बदाम आलाय. लाल. कुणाचा गं?"

"माझाच आहे दादा."

"असं होय," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "आणि कुणी बघितलं नसेल का?"

पुढचे नऊ दिवस हेच. दादा रोज लिहायचा. अकराव्या मजल्यावर अडकलेला नवरदेव, आत झोपी गेलेले आजोबा. रोज एकच बदाम, धाकटीचा. फोन कमी व्हायचे ते राहिलं बाजूला, वाढलेच. आता त्यात आणखी एक भर पडली, "बघितलंस का? मी चुकीच्या ठिकाणी तर लिहीत नाही ना?" नवव्या दिवशी तो म्हणाला, "जाऊ दे गं. पलीकडे कुणी नाहीच. मी रिकाम्या लिफ्टशी बोलतोय."

त्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत धाकटीने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि एक नवं खातं उघडलं. नाव काय द्यावं सुचेना. समोर घड्याळात दीड वाजला होता, तिच्या दिवसातली तेवढीच अर्ध्या तासाची मोकळीक. तिने लिहिलं, 'मोकळी दुपार'. फोटोच्या जागी खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाचा चौकोन टाकला. निवृत्त शिक्षिका, गणित. गाव म्हणून दोन तासांवरच्या एका नदीकाठच्या गावाचं नाव दिलं. ती तिथे जन्मात एकदा, कुणाच्या तरी लग्नाला गेली होती. मग दादाच्या नवरदेवाखाली लिहिलं, "वाचता वाचता एकटीच हसले. शेवटी नवरी वर आली की नवरदेव खाली गेला?"

पाच मिनिटं झाली नसतील, फोन आला. दादाचा आवाज जिना धावत चढल्यासारखा. "अगं, एका बाईंनी विचारलंय! मास्तरीण आहेत. नवरी वर आली का म्हणून विचारतायत! काय उत्तर देऊ?"

"जे झालं ते लिही," धाकटी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि कानशिलं तापलीही होती. "नवरी वर आली का पण?"

"थांब, त्यांना लिहितो, तिथेच वाच," असं म्हणून दादाने फोन ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच फोन आधी त्याने ठेवला.

दादाने त्या बाईंचं नाव ठेवलं दुपारबाई. दुपारबाईंनी प्रश्न विचारायचे आणि दादाने फुलून उत्तरं द्यायची. एकाने बोललेलं दिसलं की आणखी दोघं थांबतात, तसं झालं. एक नर्स यायला लागली, एक ट्रकवाला, एक परदेशात राहणारा नातू ज्याच्या आजीला लिफ्टची भीती वाटायची. सहा महिन्यांत दादाच्या गोष्टींना शे-दीडशे माणसं यायची. ती माणसं खरी होती, त्यात धाकटीचा काही हात नव्हता. पण दादा कुठलंही उत्तर लिहिताना आधी दुपारबाईंचं मत घ्यायचा.

एका रविवारी त्याने धाकटीला चहा करून दिला आणि खुशीत समजावून सांगितलं, "लोक म्हणतात हे वेड आहे. वेड कसलं? तू दारावर टकटक केलीस आणि आतून कुणी 'हो' म्हटलं, की बरं वाटतं ना? इथे बदाम म्हणजे तेवढंच. 'हो, आहे मी.' बास. माणसाला आणखी काय लागतं?"

धाकटीने कपात तोंड घातलं.

दहाचा फोन बंद झाला, साडेअकराचा बंद झाला, तीनचाही. मालक एकदा म्हणाले, "दादा बरे आहेत ना?" ती म्हणाली, "मजेत आहेत." खोटं नव्हतं ते. तिच्या काचा पुन्हा केसाला केस जुळून बसायला लागल्या. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तोवर तिला स्वतःलाच त्या खात्याची चटक लागली होती.

दुपारबाईंना वेळ होता. दुपारबाई कधी वैतागायच्या नाहीत. कुणी मूर्खासारखं बोललं तरी त्या गमतीने घ्यायच्या, आणि लोक त्यांना लिहायचे, "बाई, तुमच्यासारखी मोठी बहीण हवी होती." धाकटीला घरी असं कोण म्हणणार? नवरा गोदामातून दमून यायचा आणि जेवून बातम्यांसमोर बसायचा. मुलगी आठवड्यातून एकदा फोन करायची आणि "आई, पटकन सांग" म्हणायची. आरशात धाकटीला जी बाई दिसायची तिच्यापेक्षा उन्हाच्या चौकोनामागची बाई तिला कितीतरी आवडायला लागली. दीडची सुट्टी कधी होते, असं तिला सकाळपासून व्हायचं.

एका रविवारी तिने दादाला कळवलं, "डोकं दुखतंय, आज येत नाही." पलंगावर आडवी झाली. डोकं काही दुखत नव्हतं. दोन बस बदलून जायचं, त्याच्या ओट्याचा पसारा आवरायचा आणि तेच तेच ऐकायचं, याचा कंटाळा आला होता एवढंच. मग पडल्या पडल्या तिने फोन उघडला आणि दुपारबाई होऊन लिहिलं, "आज रविवार. बहीण येणार होती ना तुमच्याकडे?"

दादाने लगेच लिहिलं, "तिचं डोकं दुखतंय. कामाचा ताण फार आहे हो तिला."

त्या दिवशी दुपारबाई दादाशी अडीच तास बोलल्या. त्यांनी त्याला हसवलं, जेवणात काय केलं विचारलं, औषध घ्यायची आठवण केली. धाकटीला कळत होतं की बसने जायला यायला मिळून अडीच तासच लागले असते. कळलं आणि तिने ते मनातल्या मनात दाबून टाकलं. पुढचा रविवारही चुकला. त्याच्या पुढचाही.

मग एका मंगळवारी, ती डबा उघडून बसली होती, तेव्हा दादाचा खाजगी निरोप आला. इतका लांब की बोटाने चार वेळा वर सरकवावा लागला.

"बाई, तुम्ही परक्या आहात म्हणून लिहितो. आपल्या माणसाला हे सांगता येत नाही. माझी बायको गेली त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना लिफ्टमधून काढत होतो. त्यांना श्वास घेता येत नव्हता, मी दाराशी बोलत होतो. खिशात फोन वाजला. दोनदा. मी घेतला नाही. माझा आवाज थांबला असता तर ते आत घाबरले असते. ते सुखरूप बाहेर आले. मग मी फोन बघितला. तिचेच दोन्ही होते. ती न्हाणीघरात पडली होती, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तिची शुद्ध गेलेली. संध्याकाळी गेली. सगळ्यांना मी सांगितलं की फोनला रेंज नव्हती. बहिणीलाही तेच सांगितलं. रेंज होती. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलंच नाही."

आणि खाली, जागा सोडून, आणखी थोडं.

"बहीण चांगली आहे माझी. पण मी फोन केला की तिचा श्वास बदलतो. तिला वाटतं मला कळत नाही. चौतीस वर्षं दाराआडून माणसांचे श्वासच ऐकले मी. म्हणून आता करत नाही फोन. तुम्ही आहात ते बरं आहे."

धाकटीने डब्याचं झाकण लावलं. उठून यंत्रापाशी गेली, एक काच लावली आणि घासली ती पार फ्रेमच्या मापाहून लहान. काच वाया गेली. मालकांनी पुढून विचारलं, "काय झालं ताई?" ती म्हणाली, "हात घसरला."

त्या वेळी तिने काय करायला हवं होतं, ते तिला नंतर हजार वेळा सुचलं. पर्स उचलायची, बस पकडायची, दादाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिने यातलं काही केलं नाही. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि दुपारबाई होऊन लिहिलं, "तुम्ही त्या माणसाला सोडलं नाहीत. तुमच्या बायकोला तुमचं काम माहीत होतं. तिने तुम्हाला कधीच दोष दिला नसता. तुम्हीही देऊ नका."

बऱ्याच वेळाने दादाचं उत्तर आलं. "आज पहिल्यांदा वाटलं कुणीतरी बाहेरून दार उघडलं. उपकार."

धाकटीने फोन पालथा ठेवला. ज्या गुन्ह्याची माफी द्यायचा अधिकार वहिनीलाच होता, ती माफी तिने एका नसलेल्या बाईच्या तोंडून देऊन टाकली होती. दादाने आयुष्यात प्रथमच कुलूप काढलं, आणि आत शिरलं कोण, तर श्वास बदलणारी धाकटी, तोंडावर दुसराच चेहरा लावून. तिला वहिनीचा फोटो डोळ्यांपुढून हलेना. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बरं नाही का?" तिला सांगावंसं वाटलं. पण सुरुवात कुठून करणार?

चार दिवस तिने तळमळत काढले आणि मग पळवाट शोधली. दुपारबाईंनी लिहिलं, "मुलीकडे जातेय, लांब. तिथे नेट नाही. काळजी घ्या." आणि खातं बंद ठेवलं. हळूहळू विसरेल, बाकीची शे-दीडशे माणसं आहेतच की, असं तिने स्वतःला पटवलं. सांगायचं धैर्य नव्हतं, त्याला तिने समजूतदारपणा असं नाव दिलं.

तीन आठवडे झाले. दादाने लिहिणं कमी केलं. एका रविवारी ती गेली तेव्हा तो म्हणाला, "त्या बाईंना मुलगी नाहीच गं. त्यांनीच एकदा लिहिलं होतं, मूलबाळ नाही म्हणून." धाकटीच्या हातातली फडक्याची घडी तशीच राहिली. "तू चुकीचं वाचलं असशील," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तिने दुकानातून त्याला फोन लावला. बंद. तासाने लावला, बंद. मग त्याच्या समोरच्या घरातल्या काकूंना लावला. काकू म्हणाल्या, "अगं, ते सकाळी आठलाच गेले की. हातात ती अवजारांची पिशवी. म्हटलं, आता कुठे नोकरी? तर म्हणाले, कुणीतरी अडकलंय, बघून येतो." आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

धाकटी मालकांना काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. बसमध्ये दोन तास ती पुढच्या सीटची दांडी धरून बसली होती. दादाचा गुडघा दुखरा. वय चौसष्ट. फोन बंद. आणि जिला शोधायला गेला होता ती बाई याच बसमध्ये, खिडकीशी.

गाव लहान होतं. स्टँडवर चहावाल्याने सांगितलं, "पिशवीवाले काका ना? सगळीकडे विचारत फिरतायत. शाळेकडे बघा." ती शाळेच्या दिशेने निघाली. शाळेच्या फाटकाशी बाकावर दादा बसला होता. एक बूट काढून पाय लांब केलेला. शेजारी पहारेकऱ्याने आणून दिलेला पाण्याचा पेला, तसाच भरलेला. तिला बघून त्याला नवल वाटलं नाही, इतका तो दमला होता.

"तू कशी आलीस?"

"काकूंनी सांगितलं. दादा, हे काय चाललंय?"

"इथे गणिताला तीस वर्षांत कुणी बाई नव्हत्याच म्हणे. हेडमास्तरांनी सगळी वहीच काढून दाखवली. मी म्हटलं शाळा दुसरी असेल. गावात दुसरी शाळा नाही." त्याने पेल्याकडे बघितलं. "घरं विचारली. निळं दार म्हणाल्या होत्या. नऊ निळी दारं आहेत इथे. नऊही वाजवली."

"अरे, पण कशाला? त्या म्हणाल्या ना मुलीकडे जाते?"

"धाकटे, तुला नाही कळायचं. आतला माणूस ओरडतोय, रडतोय, तोवर भिऊ नये. बोलायचा थांबला की मात्र पळायचं. मी एवढा मोठा निरोप लिहिला, त्यांनी धीर दिला, आणि मग एकदम गप्प. एकट्या बाई. पडल्या असतील, तापाने फणफणल्या असतील. मागे एकदा मी फोन उचलला नव्हता." त्याने बूट पायात घालायला घेतला. "अजून नदीपलीकडची वस्ती राहिलीय."

तो उठायला लागला आणि धाकटीने त्याचा दंड धरला. "दादा, बस. नदीपलीकडे कुणी नाही. त्या बाई मी आहे."

त्याला ऐकूच गेलं नसावं. तिने पुन्हा सांगितलं. मग पर्समधून फोन काढला, ते खातं उघडलं आणि त्याच्या हातात दिला. उन्हाचा चौकोन, खाली त्याचा सगळा निरोप, खाली तिचं उत्तर. दादाने चष्मा वर सारला, खाली घेतला. शाळेची मधली सुट्टी झाली, मुलं पटांगणात आली, आणि तो त्या गोंगाटात फोन धरून बसून राहिला.

"सुरुवातीपासून?"

"हो."

"नवरदेवाचं विचारलं तेव्हापासून?"

"तुला वाईट वाटत होतं रे. कुणी उत्तर देत नव्हतं."

"आणि डोकं दुखत होतं त्या रविवारी?"

ती रडायला लागली. दादाने तिला गप्प केलं नाही. लिफ्टमधल्या परक्या माणसांचंही रडणं ज्याला ऐकवत नसे, तो शेजारी बसून पटांगणाकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मग ते रेंजचं तू वाचलंस."

"हो."

"बायकोचं होतं गं ते. मी परक्या बाईला दिलं होतं. तुला नव्हतं दिलं."

ती 'माफ कर' म्हणाली, पण तो शब्द तिच्याच कानांना पोकळ लागला. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. दादा दोन रांगा पुढे बसला, पिशवी मांडीवर घेऊन. स्टँडवर तिने रिक्षा करून दिली. तो म्हणाला, "जाईन मी," आणि लंगडत चालत गेला.

त्यानंतर ती एकही रविवार चुकली नाही. दादा दार उघडायचा, "ये" म्हणायचा, आणि वर्तमानपत्र उघडायचा. ती ओटा आवरायची, कपड्यांच्या घड्या करायची. तो विचारल्याला उत्तर द्यायचा, एका शब्दाचं. ओरडला असता, हाकलून दिलं असतं, तर तिला सोपं गेलं असतं. हे असं नेमकं, सभ्य वागणं तिला दिवसभर टोचत राहायचं. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चांगल्यासाठीच केलंस ना?" ती म्हणाली, "सुरुवातही चांगल्यासाठी नव्हती. मला फोन नको होते." नवऱ्याने बातम्यांचा आवाज कमी केला. एवढंच.

इकडे दादाच्या खात्यावर लोक विचारत होते. दुपारबाई कुठे आहेत? नर्सने विचारलं, ट्रकवाल्याने विचारलं. महिनाभराने दादाने एक ओळ लिहिली, "दुपारबाई आता येणार नाहीत." त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, पण लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. बघता बघता सत्तर-ऐंशी जणांनी शोक व्यक्त केला. ट्रकवाल्याने लिहिलं, "बाईंना मी बघितलं नाही, पण रस्त्यात गाडी बाजूला घेऊन थांबलो दोन मिनिटं." नर्सने लिहिलं, माझ्या आईनंतर मला 'जेवलीस का' विचारणाऱ्या त्याच होत्या. धाकटी मागच्या खोलीत बसून एकेक वाचत होती. दादाशी केलेला अपराध तिला माहीत होता. या ऐंशी जणांशी केलेला अपराध तिच्या ध्यानातही आला नव्हता. खरं लिहून टाकावं म्हणून तिने तीनदा बोटं टेकवली. मग तिला वाटलं, आता लिहिलं तर ते कुणासाठी? त्यांच्यासाठी, की आपल्याला हलकं वाटावं म्हणून? तिने फोन ड्रॉवरमध्ये टाकला. बरोबर केलं की चूक, ते तिला अजूनही सांगता येत नाही.

त्या रविवारी दादाने वर्तमानपत्र उघडलं नाही. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तो दाराशी येऊन उभा राहिला, चिमटे एकेक करून तिच्या हातात देऊ लागला.

"त्या एकदा म्हणाल्या होत्या," तो म्हणाला, "दुपारी तीन ते चार घर सगळ्यात मोठं वाटतं. ते रचलेलं होतं?"

"नाही. सुट्टीच्या दिवशी मला तसं होतं. पोर शिकायला गेल्यापासून."

"आणि घरात कुणी नसलं की टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत बसतात, आवाजासाठी?"

"तेही माझंच."

दादाने पुढचा चिमटा दिला. "मला का नाही बोललीस कधी?"

"तू बोलत असायचास दादा. आणि मी 'नंतर' म्हणायचे."

"हं," दादा म्हणाला. चादर लांबडी होती, दोघांनी दोन टोकं धरून ती झटकली. "नळाचं पाणी गेलं की त्यावर कविता करायच्या म्हणाल्या होत्या, ते?"

"ते रचलं होतं."

"ते बरं नव्हतंच," दादा म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. लगेच थांबलंही. तो चादरीच्या पलीकडच्या बाजूला होता, तिला त्याचे पायच तेवढे दिसत होते.

"तुझ्यावर राग आहे माझा अजून," तो पलीकडून म्हणाला. "जाईल की नाही, माहीत नाही. वेळ लागेल."

"लागू दे."

"पण धाकटे, मला त्या बाईंची फार आठवण येते गं. तू इथे उभी आहेस, मला दिसतंय, तरी येते. मूर्खपणा आहे."

धाकटीने ओल्या चादरीला हात लावला, नीट नसलेली कड नीट केली. "मलाही येते," ती म्हणाली.

मग दादा म्हणाला, उशीची खोळ राहिली बादलीत, आणि ती घ्यायला वाकला.